डिस्क टिकणार नाही हे आधीच मान्य केलं: ले मान्स १९६६, फोर्ड आणि पुढचे ब्रेक

१९६६ च्या ले मान्सचा (फ्रान्समधली २४ तासांची कार रेस) विषय निघाला की गाडी लगेच फोर्ड विरुद्ध फेरारीवर जाते, कोणी कोणाचा अपमान केला, शेवटी कोणाला वेग कमी करायला सांगितलं वगैरे. तो किस्सा भारीच आहे पण आता सगळ्यांना तोंडपाठ झालाय. मला जे प्रकरण लिहायचंय ते एका लोखंडी तबकडीचं आहे, पुढच्या चाकातली ब्रेक डिस्क. मी पोटापाण्यासाठी टेस्ट बेंचवर ब्रेक जाळतो (पुण्याकडे हे काम करणारे बरेच सापडतील), त्यामुळे माझी नजर आधी तिकडेच जाते, त्याला इलाज नाही.

आधी परिस्थिती समजून घ्या. ले मान्सचा ट्रॅक तेव्हा एका लॅपला साडेतेरा किलोमीटरच्या आसपास होता, त्यातली मुलसानची सरळ पट्टी जवळजवळ सहा किलोमीटर, आणि आत्ता तिथे ज्या शिकेन आहेत (वेग मोडायला मध्ये घातलेली वळणं) त्या १९९० मध्ये आल्या, म्हणजे तेव्हा ड्रायव्हर एक मिनिटभर पाय दाबूनच ठेवायचा. फोर्डची मार्क टू जीटी४०, मागे सात लिटरचा व्ही८, सुमारे ४८५ हॉर्सपॉवर, ३३० च्या आसपास वेगाने यायची आणि पट्टीच्या टोकाला मुलसानचा काटकोनी उजवा कॉर्नर, तिथे वेग आणायचा साधारण ५५-६० वर. आता गणित करा. ड्रायव्हर, पेट्रोल धरून गाडी १३५० किलो धरू. ३३० वरून ५५ वर आणायचं तर ५५ लाख ज्यूल एवढी ऊर्जा कुठेतरी टाकायला लागते. हे आकडे डोक्यात बसत नाहीत म्हणून मी असं सांगतो, आंघोळीची एक बादली, सोळा लिटर, गार पाण्यापासून उकळीपर्यंत, आणि ते सात-आठ सेकंदांत. थोडी ऊर्जा हवा खाते, थोडी इंजिन खातं, बाकी सगळी ब्रेकमध्ये, आणि त्यातलाही मोठा वाटा पुढच्या दोन चाकांत कारण ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे येतं. पुढच्या लॅपला परत एक बादली. जिंकलेल्या गाडीने त्या वर्षी ३६० लॅप मारले, म्हणजे एका कॉर्नरच्या ३६० बादल्या, आणि आर्नाज वगैरे बाकीचे कॉर्नर मी धरलेलेच नाहीत.

यात नुसती उष्णता असती तरी एक वेळ भागलं असतं. डिस्क ८०० अंशांच्या आसपास तापायची, रात्री चाकातून लालभडक दिसायची, पण बिडाचं लोखंड तेवढं काही काळ सोसतं. मारतं ते तापणं-गार होणं. मुलसानला लाल होते, मग बाकीचा ट्रॅक, मग परत त्या सहा किलोमीटरवर एक मिनिटभर ३०० च्या वर वेगाची हवा डक्टमधून तिच्यावर मारली जाते, छान गार होते, आणि तेवढ्यात परत सात सेकंदांत लाल. तापलेल्या तव्यावर पाण्याचा हबका मारला की चर्र होतं ना, ते दर साडेतीन-चार मिनिटांनी, रात्रभर. वरची कातडी प्रसरण पावते, आतलं लोखंड अजून गारच असतं, ते तिला पसरू देत नाही, मग बारीक बारीक तडे. माझ्याकडे बेंचवरून उतरलेली डिस्क हातात घेतली की आधी दिसतो निळा-जांभळा रंग, मग तिरप्या उजेडात धरली की केसासारख्या रेघा, मध्यापासून बाहेर जाणाऱ्या. त्यावरून नख फिरवायचं. नख सरळ गेलं तर ठीक, नख अडकलं तर वहीत नोंद करायची, आणि तडा कडेपर्यंत पोचला असेल तर ती डिस्क परत गाडीला लावायची नाही, मग कोणी कितीही घाई करो.

मग साधा प्रश्न, मोठी डिस्क का नाही लावली? कारण चाक १५ इंची. त्या चाकाच्या आत कॅलिपरसकट (डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने दाबणारा चिमटा) जे मावेल तेवढंच. जाड केली तर वजन वाढतं, आणि तेही स्प्रिंगच्या खालचं वजन, ज्याने सस्पेन्शनची वाट लागते. डिस्क आतून पोकळ म्हणजे व्हेंटिलेटेड होत्याच, पुढून नाकातून हवा येत होती, मागच्या ब्रेकसाठी मागच्या बॉनेटवर डक्ट काढलेले होते. म्हणजे पुस्तकात जे जे करता येतं ते बहुतेक करून झालेलं होतं. आणि तरीही गणित सांगत होतं की ही डिस्क २४ तास जाणार नाही.

इथून मागे जायला लागेल थोडं, कारण फोर्डला हे शहाणपण फुकट मिळालेलं नाही. १९६४ ला तीन जीटी४० नेल्या, ४.२ लिटरवाल्या, वेगात कमी नव्हत्या, ड्रायव्हर फिल हिलने लॅप रेकॉर्डसुद्धा मारला, आणि तिन्ही बाद. दोन गिअरबॉक्समुळे, एक जळाली. १९६५ ला सहा गाड्या, त्यात दोन सात लिटरच्या, आणि सहाच्या सहा बाद, कोणाचं हेड गॅस्केट, कोणाचा गिअरबॉक्स, कोणाचा क्लच. दोन वर्षांत नऊ गाड्या आणि शेवटपर्यंत पोचलेली एकही नाही. एवढा पैसा ओतणाऱ्या कंपनीला हे केवढं लागलं असेल. पण यादी नीट बघा, ज्याने गाड्या मेल्या ती प्रत्येक गोष्ट पिटमध्ये (रेस चालू असताना गाडी थांबवून काम करतात ती जागा) बदलता न येणारी आहे. गिअरबॉक्स रेस चालू असताना कोण उतरवणार, हेड गॅस्केट कोण बदलणार.

माझ्या मते १९६६ च्या तयारीची सगळी मेख इथे आहे. त्यांनी गाडीचे पार्ट मनातल्या मनात दोन ढिगांत वाटले असं दिसतं (असा कागद कुठे आहे असं मी म्हणत नाही, पण काम बघितलं की तसंच वाटतं). एक ढीग, जे पिटमध्ये बदलता येणार नाही, ते घरीच मरेपर्यंत चालवून बघायचं. दुसरा ढीग, जे बदलता येतं, ते टिकवायच्या नादाला फार लागायचं नाही, बदलणं सोपं करायचं. आणि दोन्हींवर लक्ष ठेवायला ड्रायव्हरचा पाय.

पहिल्या ढिगासाठी त्यांनी जे केलं ते आज आम्हाला रोजचं वाटतं पण तेव्हा नवलच होतं. डिअरबॉर्नला, फोर्डच्या मुख्यालयी, लॅबमध्ये इंजिन आणि त्याला जोडलेला गिअरबॉक्स म्हणजे ट्रान्सअ‍ॅक्सल डायनोवर (इंजिन जागेवरच चालवून तपासायचं यंत्र) बांधला आणि त्याला ले मान्स चालवायला लावलं. नुसतं एका आरपीएमवर तासन्‌तास नाही हं, ते कोणीही करतं. ट्रॅकवरून आणलेल्या रेकॉर्डिंगप्रमाणे थ्रॉटल उघडायचा, गिअर बदलायचा, परत सोडायचा, सरळ पट्टीवर दाबून ठेवायचा, मुलसानला खाली गिअर, सगळं आपोआप, माणूस नाही. लॅपमागून लॅप. काय तुटतं ते बघायचं, ते सुधारायचं, परत बांधायचं. गिअरबॉक्समध्ये त्यांनी नाजूक रेसिंगचा माल सोडून दिला आणि टी-४४ नावाचा स्वतःचा चार गिअरचा ट्रान्सअ‍ॅक्सल बनवला, त्यात आतले गिअर फोर्डच्या रस्त्यावरच्या मोठ्या गाड्यांच्या गिअरबॉक्सवरून घेतलेले. जड, ओबडधोबड, पण मजबूत. इंजिनही तसंच, ४२७ क्युबिक इंचाचं स्टॉक कार रेसिंगमधून आलेलं, ज्यातून अजून ताकद काढता आली असती पण नाही काढली, ६२०० च्या आसपास आरपीएमवर समाधान मानलं. याला मी खरी तयारी म्हणतो, ताकद हाताशी असताना ती न वापरणं. आपल्याकडे गाडी ट्यून करणाऱ्या पोरांना हे सांगून बघा, तोंड वाकडं करतात.

आता दुसरा ढीग, आणि आपली तबकडी. शेल्बी अमेरिकन या फोर्डच्या गाड्या पळवणाऱ्या टीममध्ये फिल रेमिंग्टन नावाचा माणूस होता, हाताने काहीही बनवणारा, ज्याला आपण कारागीर म्हणू तो. त्याने डिस्क लवकर बदलण्याची सिस्टिम बसवली. ही गोष्ट किती साधी आणि किती वेगळी आहे ते कळायला नेहमीच्या गाडीची डिस्क कोणी बदललेली बघायला पाहिजे. चाक काढा, कॅलिपरचे बोल्ट सोडा, पॅड काढा, कॅलिपर तारेने लटकवून ठेवा म्हणजे होजवर ताण नको, डिस्क हबला गंजून बसलेली असते तिला हातोडीने ठोका, साफ करा, नवीन लावा, परत सगळं उलट्या क्रमाने, आणि लाइन उघडली असेल तर ब्लीडिंग म्हणजे लाइनमधली हवा काढणं, एक माणूस पेडल मारतोय आणि दुसरा खालून ओरडतोय "धर… सोड… धर". चांगल्या मेकॅनिकचा अर्धा-पाऊण तास आरामात जातो. रेसमध्ये गाडी थांबते ती पेट्रोल, टायर, ड्रायव्हर बदलायला, मिनिटांच्या हिशोबात. पॅड तर सगळेच बदलायचे त्यात काही नवीन नव्हतं, रेमिंग्टनने डिस्कलाही पॅडच्याच रांगेत आणून बसवलं, म्हणजे झिजणारा माल, थांबलोच आहोत तर बदलून घ्या. चाकं मध्यभागी एकाच मोठ्या कानवाल्या नटची, हातोड्याच्या दोन-चार ठोक्यांत बाहेर, पॅड बाहेर, डिस्क बाहेर, नवीन आत.

बेंचवाला माणूस म्हणून मला यात अजून एक गोष्ट दिसते जी कथा सांगणारे गाळतात. नवीन डिस्क आणि नवीन पॅड नुसते लावले की ब्रेक लागतो असं नसतं. आधी बेडिंग करायला लागतं, हळूहळू तापवत न्यायचं, पॅडचा माल डिस्कवर एकसारखा पसरू द्यायचा, मग गार करायचं. न केलेला पॅड पहिल्याच जोराच्या ब्रेकला वर चकाकी धरतो आणि मग दाबा किती दाबायचं ते. म्हणून एन्ड्युरन्सवाल्यांची, म्हणजे लांब रेसवाल्यांची पद्धत अशी, सेट प्रॅक्टिसमध्येच वापरून, तापवून, काढून, जोड्या लावून, खूण करून ठेवायचे, कुठली डिस्क कुठल्या पॅडबरोबर, डावी की उजवी. रात्री दोन वाजता झोपेतल्या मेकॅनिकला विचार करायला लागू नये एवढी व्यवस्था. दुसरं म्हणजे जुने पातळ पॅड काढून जाड पॅड घालताना कॅलिपरचे पिस्टन मागे ढकलायला लागतात, मग ड्रायव्हर निघाला की पहिल्यांदा पेडल सरळ खाली जातं, त्यामुळे कॉर्नर यायच्या आधी दोन-तीनदा पंप करायचं हे त्याला माहीत हवं. पिटमधून निघाल्यावरच्या या पहिल्या लॅपकडे, म्हणजे आउट-लॅपकडे परत येऊ.

रेस १८-१९ जून, शनिवारी दुपारी चारला सुरू. फोर्डच्या आठ मार्क टू, शेल्बी, होल्मन-मूडी आणि अ‍ॅलन मान अशा तीन टीममध्ये वाटलेल्या. त्याआधी फेब्रुवारीत अमेरिकेत डेटोनाला, जिथे त्या वर्षीच पहिल्यांदा २४ तासांची रेस झाली, केन माइल्स-लॉइड रुबी या ड्रायव्हर जोडीने जिंकून दाखवलं होतं, म्हणजे २४ तास गाडी जाते हे एकदा सिद्ध झालेलं. पण ले मान्स वेगळं, इथे ती सहा किलोमीटरची पट्टी.

सुरुवातच विचित्र. केन माइल्सला पहिल्याच लॅपनंतर दारासाठी आत यायला लागलं, दार नीट बंद होईना. २४ तास चालणारं इंजिन बनवलं आणि दाराची कडी नडली, यावर हसावं की रडावं. ब्रूस मॅक्लॅरनची गाडी फायरस्टोन टायरवर होती, बाकीच्या शेल्बीच्या गाड्या गुडइयरवर, आणि मॅक्लॅरनच्या टायरचे तुकडे उडायला लागले, झिजून गुळगुळीत होण्याऐवजी चकत्याच सुटायला लागल्या. दोन-तीन थांबे वाया गेल्यावर सरळ दुसऱ्या कंपनीचे टायर लावले आणि गाडी पळायला लागली. हा पण दुसऱ्या ढिगातलाच माल, बदलला की प्रश्न संपला.

आणि पहिला ढीग? आठातल्या पाच फोर्ड संपल्या. एकीचा क्लच, एकीचा डिफरन्शियल, एकीचं पुढचं सस्पेन्शन, एकीचं इंजिन, आणि डॅन गर्नी-जेरी ग्रँटची गाडी पाणी तापून. डायनोवर एवढं जाळूनसुद्धा. यातली गर्नीची गाडी बघण्यासारखी, कारण ती सगळ्यात पुढे पळत होती. रात्री फेरारीचे मोठे मासे एकेक करून गळाले, फोर्डला आता फक्त घरी पोचायचं होतं, पिटमधून "ई-झेड" अशी पाटी दाखवत होते म्हणजे ईझी, सावकाश, पण गर्नी आणि माइल्स एकमेकांशी भिडलेले. ले मान्सच्या नियमात तेल-पाणी वाटेल तेव्हा ओतता येत नसे, झाकणांना सील, ठरावीक लॅप झाल्याशिवाय उघडायचं नाही. म्हणजे पाणी एकदा गेलं की गेलं. रविवारी सकाळी गर्नीची गाडी उभी राहिली. मी पाटी न पाळण्याला एकट्याला दोष देत नाही, पाणी कुठून गेलं असेल ते गेलं असेल, पण ज्या गोष्टीला पिटमध्ये उपाय नाही तिच्या जवळ पायाने जपूनच जायचं असतं, आणि पाय तेव्हा जपत नव्हता.

उरल्या तीन, आणि तिन्ही पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या. मॅक्लॅरन आणि ख्रिस अ‍ॅमन, मग माइल्स आणि डेनी हल्म, दोन्ही ३६० लॅप, सुमारे ४८४३ किलोमीटर, सरासरी २०१ च्या वर, तिसरी गाडी १२ लॅप मागे. त्यांच्या मागे चार ते सात क्रमांकावर पोर्शेच्या दोन लिटरवाल्या छोट्या ९०६, ज्यांना अशा ३३० च्या भानगडीच नव्हत्या, आणि त्या छान टिकल्या. हा माझ्यासाठी या निकालातला सगळ्यात बोलका भाग आहे. हलकी गाडी, कमी वेग, बादलीऐवजी तांब्याभर पाणी. फोर्डने जड गाडी आणि मोठं इंजिन निवडलं तेव्हाच ब्रेकचं कर्ज काढलं होतं, ते फेडायची सोय रेमिंग्टनने केली. माइल्स आणि मॅक्लॅरन एकत्र रेषा ओलांडणार होते पण मॅक्लॅरनची गाडी सुरुवातीला मागे उभी होती म्हणून तिचं अंतर काही मीटर जास्त धरलं आणि माइल्स दुसरा. ऑगस्टमध्ये रिव्हरसाइडला फोर्डच्या पुढच्या गाडीचं टेस्टिंग करताना तो गेला.

प्रकरण इथे संपलं असतं पण पुढच्या वर्षाशिवाय ते अर्धवट आहे, कारण पटकन बदलायच्या सवयीची किंमत १९६७ ला दिसली. मारियो आंद्रेत्ती फोर्डची मार्क फोर घेऊन रात्री तीनच्या सुमारास पिटमधून निघाला, नुकतेच पॅड बदललेले. आउट-लॅप. पिटच्या पुढे टेकाड चढून पलीकडे पहिला ब्रेक मारला आणि एक चाक जाम, गाडी बांधावर, मग दुसऱ्या बांधावर, रस्त्यात आडवी. मागून आलेल्या दोन फोर्ड त्याला चुकवायला जाऊन तिथेच आपटल्या, तीन गाड्या एका जागी खलास. आंद्रेत्तीने नंतर सांगितलं की एक पॅड उलटा बसवला होता. उलटा म्हणजे पत्र्याची बाजू डिस्ककडे. ऐकायला मूर्खपणा वाटतो, पण रात्री तीनला, अकरा तास उभं राहून, हातमोजे घालून गरम कॅलिपरमध्ये हात घातलेला माणूस आहे तो. आमच्याकडे बेंचवर दिवसाढवळ्या, चहा पिऊन आलेल्या माणसाच्या हातून हे होऊ नये म्हणून पॅडच्या पत्र्याला एका बाजूला खाच ठेवतात, उलटा घातला तर बसतच नाही.

आणि त्याच रेसला गर्नी काय करत होता ते बघा. तोच, पाटी न बघणारा. या वेळी जोडीला ए. जे. फॉइट. मुलसानच्या पट्टीच्या शेवटी ब्रेकच्या खुणेच्या कितीतरी आधी तो अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलायचा आणि गाडीला हवेच्या भरवशावर उतरू द्यायचा, मग ब्रेक. वेळ किती जातो? एक-दोन सेकंद. मिळतं काय ते गणितात बघा, ऊर्जा वेगाच्या वर्गात जाते, ३३० ऐवजी २९० वरून ब्रेक मारला तर ब्रेकवर येणारा भार जवळजवळ चौथा हिस्सा कमी. बादलीतलं चार लिटर पाणी उकळावंच लागत नाही. घाटात ट्रकवाला उतारावर आधीच खालच्या गिअरमध्ये टाकून येतो ना, तेच, फक्त ३०० च्या वर. ती गाडी ३८८ लॅप गेली, ५२०० किलोमीटरच्या वर, आणि जिंकली.

त्या रात्री फेरारीचा माइक पार्क्स बरेच लॅप मागे असूनही गर्नीच्या मागे लागला होता, हेडलाइट मारत होता, हा चिडून शर्यत लावेल, ब्रेक जाळेल, काहीतरी मोडेल म्हणून. गर्नीने बराच वेळ सहन केलं आणि मग आर्नाजच्या कॉर्नरला गाडी सरळ कडेला गवतात घेऊन थांबवली. पार्क्सही मागे येऊन थांबला. ले मान्सच्या अंधारात पुढे चालणारी फोर्ड आणि तिच्या मागे फेरारी, दोघंही उभे, कोणी हलेना. शेवटी पार्क्स कंटाळून निघून गेला, आणि मग गर्नीने पहिला गिअर टाकला.